शेणोलीला गाडी अडवली, पण रूळ का उखडले नाहीत?

शेणोलीकर | ५ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कराड तालुक्यात एका शाळेवर शिकवतो. ९ ऑगस्टला गावच्या वाचनालयात क्रांतिदिनाचा कार्यक्रम आहे आणि त्यात मला अर्धा तास बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला: ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेने, म्हणजे साताऱ्याच्या प्रति सरकारच्या लढाऊ दलाने, अडवलेली पगाराची गाडी.

काल आठवीच्या वर्गावर थोडी तालीम केली. रुळावर दगड रचले, गाडी थांबली, मग मागच्या बाजूलाही दगड रचले म्हणजे गाडी उलटी पळणार नाही, असं रंगवून सांगितलं. तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "सर, दगड कशाला रचत बसले? रूळच उखडून टाकायचे. गाडी परत कधी आलीच नसती."

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, युद्धात तर शत्रूची रेल्वे तोडणं हा जुना डाव आहे. मग आपल्या लोकांनी तो का खेळला नाही? आणि रूळ उखडून युद्ध जिंकता येतं का, हा मोठा प्रश्न आहेच. जाणकारांनी लिहावं. चार दिवस आहेत हातात.

जाता जाता: आमच्या शाळेचा टोल, म्हणजे घंटा, हा टांगलेला रुळाचा तुकडा आहे. काही जण म्हणतात बेचाळीसच्या वेळी उखडलेला, काही म्हणतात भंगारातून आणलेला. हे कसं ठरवायचं?

माणदेशी_गडी | ५ ऑगस्ट, रात्री ९:४२

मोठ्या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेच्या यादवी युद्धात आहे. उत्तरेचा सेनापती शर्मन १८६४ मध्ये अटलांटावर चालून गेला तेव्हा त्याने रूळ कसे मोडायचे याचा लेखी हुकूमच काढला, १८ जुलैला. नुसता वाकवलेला रूळ शत्रू सरळ करून परत वापरतो, म्हणून रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरांची होळी पेटवायची, रूळ आडवे ठेवायचे, मधोमध लालबुंद झाले की दोन्ही टोकांना माणसं लावून पिळायचे. पीळ पडलेला रूळ पुन्हा घालता येत नाही. कुठे कुठे तर ते झाडाला गुंडाळले. शिपाई त्यांना शर्मनचे नेकटाय म्हणत. पुढे अटलांटाहून समुद्रापर्यंत जाताना वाटेतले सुमारे ३०० मैल रूळ असे संपवले.

दक्षिणेकडे नवे रूळ पाडणारे कारखाने जवळपास नव्हतेच. मुख्य मार्ग चालू ठेवायला ते आपल्याच आडमार्गांचे रूळ काढून आणत. त्यामुळे घाव वर्मी बसला.

सांगलीची_हळद | ५ ऑगस्ट, रात्री ९:५०

तुमच्या त्या मुलीला शाबासकी द्या सर. असा प्रश्न मोठ्यांनासुद्धा सुचत नाही.

रूळवाट | ५ ऑगस्ट, रात्री १०:३५

मी मिरजेत राहतो. रेल्वेत पी-वे म्हणजे रूळमार्गाच्या कामावर उभी हयात गेली. मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या मार्गावर, नोकरीला लागलो आणि जास्त रुंद ब्रॉडगेजवर निवृत्त झालो. त्यामुळे उखडण्याबद्दल कमी आणि परत जोडण्याबद्दल जास्त सांगू शकतो.

शेणोलीकर सर, आधी तुमच्या टोलचं बघू. टेपने लांबी मोजा आणि वाण्याच्या काट्यावर वजन करा. मीटरगेजला ६० पौंडी रूळ सर्रास असत, म्हणजे एका यार्डाला ६० पौंड. फुटाला २० पौंड झाले, म्हणजे साधारण नऊ किलो. ५० पौंडी असेल तर फुटाला साडेसात किलो भरेल. ९० पौंडी भरला तर तो ब्रॉडगेजचा आणि मग बेचाळीसची गोष्ट सोडून द्या, कारण आपल्या पुणे-मिरज मार्गावर तेव्हा मीटरगेज होती. शिवाय रुळाच्या उभ्या पोटावर कारखान्याची खूण आणि साल पाडताना उठवलेलं असतं. रंगाखाली शोधा.

आता मुलीचा प्रश्न. रूळ उखडणं म्हणजे काय ते एकदा डोळ्यासमोर आणा. जुन्या मार्गात दोन रुळांच्या सांध्याला दोन बाजूंनी फिशप्लेटी, म्हणजे सांधा धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणि चार बोल्ट. बोल्ट गंजलेले. त्याला लांब दांड्याचा पाना लागतो आणि पान्यावर दोन माणसं लटकावी लागतात. मग प्रत्येक स्लीपरवरची पकड सोडवायची. ३६ फुटी ६० पौंडी रुळाचं वजन सव्वातीनशे किलोच्या घरात. आठ-दहा जणांनी एका सुरात हय्या केल्याशिवाय जागचा हलत नाही. आणि लोखंडावर लोखंड आपटलं की रात्री कोसभर आवाज जातो.

एवढं सगळं करून एक रूळ काढला, तर आमची गँग तो किती वेळात घालते? रूळ जागेवर असेल तर चहा गार व्हायच्या आत म्हणणार नाही, पण तासा-दोन तासात गाडी सावकाश सोडता येते. दगड रचायला पंधरा मिनिटं आणि काम तेच.

माणदेशी_गडी | ५ ऑगस्ट, रात्री १०:५१

काका, म्हणून तर शर्मनने पीळ घालायला सांगितला. नुसतं काढून शेजारी टाकलेला रूळ गँग परत घालणारच.

रूळवाट | ५ ऑगस्ट, रात्री ११:०५

बरोबर. पण पीळ घालायला दोन्ही टोकांना माणसं, लाकडाची होळी आणि रूळ लाल होईतो मोकळा वेळ हवा. तेवढा वेळ फक्त मोठ्या फौजेला मिळतो. भूमिगत पोरांनी रुळावर होळी पेटवली असती तर सगळ्या खोऱ्यातून दिसली असती.

कुंडलची_लेक | ६ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी कुंडलची. लहानपणापासून हे ऐकत आले, म्हणून लिहिते.

सर, शेणोलीला रेल्वे मोडायची नव्हतीच. गाडीत सरकारी पगाराची रोकड होती आणि ती काढून घ्यायची होती. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड यांची ही मोहीम. हातात काठ्या, कोयते आणि थोडे गावठी बॉम्ब. असल्या हत्यारांवर गाडी अडवायची म्हटल्यावर गाडी उभी राहायला हवी, उलटायला नको. रूळ काढला असता तर डबे घसरले असते, इंजिनावरचा ड्रायव्हर, फायरमन आणि डब्यातली आपलीच माणसं मेली असती. मग गावात तोंड कुठल्या तोंडानं दाखवायचं? प्रति सरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून उभं केलेलं आपलं समांतर सरकार, गावाच्या जीवावर चाललं होतं. भाकरी गावाची, निरोप गावाचे, लपायला वस्ती गावाची.

कॅप्टन भाऊंना "लूट" हा शब्द अजिबात मान्य नव्हता. गोऱ्या सरकारने लोकांचाच नेलेला पैसा लोकांकडे परत आणला, असं ते म्हणत. भाषणात "शेणोलीची लूट" असा शब्द वापरू नका, एवढी विनंती.

दुसरी गोष्ट फार जण विसरतात. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. पलीकडे ब्रिटिश सातारा जिल्हा, अलीकडे पंतप्रतिनिधींचा मुलूख. एका हद्दीत काम करून दुसऱ्या हद्दीत यायचं. रेल्वेची पट्टी या सगळ्या हद्दींतून जात होती. अशी वाट कोण तोडेल?

शेणोलीकर | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४८

ताई, "लूट" शब्द माझ्या टिपणात तीन ठिकाणी होता. आत्ताच खोडला. मनापासून आभार.

वाळवा_एक्सप्रेस | ६ ऑगस्ट, सकाळी ९:१५

पण मंडळी, बेचाळीसला देशात रूळ उखडले गेलेच की. पहिल्या आठवड्यातच २५० च्या आसपास स्टेशनं जाळली वा मोडली गेली, ५०० हून जास्त पोस्टांवर हल्ले झाले. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात रूळ उपटले, तारा कापल्या. व्हाइसरॉय लिनलिथगोने ३१ ऑगस्टला चर्चिलला तार केली की १८५७ नंतरचा हा सगळ्यात गंभीर उठाव. म्हणजे तिथल्या लोकांनी चूक केली असं म्हणायचंय का?

कुंडलची_लेक | ६ ऑगस्ट, सकाळी ९:४०

चूक कोण म्हणतंय दादा? तिथली लढाई वेगळी, इथली वेगळी, एवढंच म्हणणं आहे.

माणदेशी_गडी | ६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

वाळवा_एक्सप्रेस यांच्या मुद्द्याला नकाशा जोडून बघा. मे १९४२ पर्यंत जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला होता. आसामच्या आघाडीला जाणारं सैन्य, दारूगोळा, धान्य सगळं बिहार-बंगालच्या रेल्वेने जात होतं. तिथला रूळ तुटला की इंग्रजांच्या युद्धाची शीर दाबली जात होती. म्हणून तिथे विमानं आणि पलटणी लावून बंड चिरडलं. पुणे-मिरज मार्गाला तेवढं युद्धाचं वजन नव्हतं. इथे सरकारची ताकद कचेरी, चावडी, पोलीस पाटील आणि सावकारात होती. म्हणून इथे आधी तासगाव, वडूज, इस्लामपूरला कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला ९ सप्टेंबरला आणि इस्लामपूरला १० सप्टेंबरला गोळीबार झाला आणि त्यानंतर मंडळी भूमिगत झाली. रूळ तोडून जे मिळालं नसतं ते गावोगावच्या न्यायमंडळांनी मिळवलं: लोकांनी सरकारकडे जाणंच सोडलं.

शिवाय तोडफोड झाली की आसपासच्या गावांवर सामुदायिक दंड बसायचा. देशभर मिळून ९० लाख रुपये दंड ठोकला होता. तोडणारा निघून जातो, दंड शेतकरी भरतो.

बागणीचा_बाळू | ६ ऑगस्ट, दुपारी १:०५

ह्ये मातूर खरं हाय. आन् रूळ उपटला तर पयला कुनाला धरनार? त्या पट्ट्यातल्या गँगमनला. त्यो बी आपल्याच गावचा गडी.

फौजी_अपशिंगे | ६ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

जय हिंद. आमचं गाव अपशिंगे मिलिटरी, घरटी माणूस फौजेत. मी स्वतः अठरा वर्षं सेवा करून आलो. धागा पूर्ण वाचला, पण अजून कोणी रेल्वेवाल्यांच्या बलिदानाबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

१९६५ च्या लढाईत राजस्थानात बाडमेरकडून मुनाबावला जाणारी रेल्वे आपल्या फौजेची एकमेव रसद-वाट होती. पाकिस्तानी विमानांनी ती वाट तोडायचा प्रयत्न केला. ९ सप्टेंबर १९६५ ला गडरा रोडजवळ १७ रेल्वे कर्मचारी शहीद झाले. लढणाऱ्या जवानापर्यंत मार्ग चालू राहावा म्हणून ही माणसं बॉम्बखाली कामावर होती. गडरा रोडला त्यांचं स्मारक आहे, दरवर्षी ९ सप्टेंबरला रेल्वेवाले तिथे जमतात. माझी नेमणूक त्या बाजूला असताना मी स्वतः तिथे सलाम करून आलोय. भोवताली वाळू, आक, बोरीची झुडपं आणि मधून जाणारे दोन रूळ. मुनाबाव-खोखरापारची ती सीमेपलीकडची वाट त्यानंतर बंद झाली ती २००६ मध्ये उघडली.

रूळ तोडणारे बघितले की ते जोडणारेही बघा, ही माझी सरांना विनंती.

रूळवाट | ६ ऑगस्ट, सायंकाळी ६:५५

फौजी दादा, डोळ्यात पाणी आणलंत. गँगमन हा शब्द लोक हलक्यात घेतात. उन्हाळ्यात रूळ इतका तापतो की हात लावला तर फोड येतो आणि पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन त्याच रुळावरून गस्त घालायची. २०१९ च्या महापुरात इथे आम्ही रोज भराव बघत होतो, पाणी खडी कुठे ओढतंय ते. पूल उभा दिसतो पण त्याच्या तोंडची माती गेलेली असते आणि रूळ हवेत लोंबतो, झोपाळ्यासारखा. बॉम्ब आणि पूर यात रुळाला फरक कळत नाही. खाली खडी-माती भरायची, स्लीपर सरळ करायचे, लेव्हल घ्यायची. काम तेच.

पलूसकर_वैद्य | ६ ऑगस्ट, रात्री ८:३०

दुरुस्तीवरून आठवलं. माणदेशींनी शर्मन सांगितला, पण त्याच्याच बाजूचा हर्मन हॉप्ट नावाचा इंजिनिअर होता. १८६२ मध्ये पोटोमॅक क्रीकवरचा ४०० फूट लांबीचा पूल त्याने नऊ दिवसांत उभा केला. अननुभवी शिपाई हाताशी आणि जंगलातून तोडलेली ओली लाकडं. लिंकन तो पूल बघून आला आणि म्हणाला की यात शेंगांच्या वेलाच्या काठ्या आणि मक्याची ताटं सोडली तर काही नाही आणि यावरून भरलेल्या गाड्या जातायत.

बागणीचा_बाळू | ६ ऑगस्ट, रात्री ८:३८

मंजी कडब्याच्या पेंढ्यावरनं आगगाडी! असा मानूस आपल्याकडं पायजे व्हता, कवाच जतपतूर डब्बल लाईन झाली असती.

माणदेशी_गडी | ६ ऑगस्ट, रात्री ९:१०

वैद्यबुवांचं उदाहरण नेमकं आहे. शर्मन जिंकला तो केवळ दक्षिणेचे रूळ पिळले म्हणून नाही. त्याची स्वतःची फौज लुईव्हिलपासून अटलांटापर्यंत ४७३ मैलांच्या एकेरी मार्गावर जगत होती. १ लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं, १९६ दिवस. हेच सामान रस्त्याने न्यायचं तर प्रत्येकी सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, असा हिशेब त्याने स्वतः मांडला. त्या मार्गावर दक्षिणेचे घोडेस्वार सतत हल्ले करत होते. रूळ तुटायचा आणि बांधकाम पलटण तो जोडायची. एकाची दुरुस्ती तुटण्यापेक्षा वेगाने होत होती, दुसऱ्याची होत नव्हती. निकाल तिथे लागला.

वाळूचं_घड्याळ | ७ ऑगस्ट, सकाळी ६:४५

सगळे "तोडायचं की नाही" यावर बोलताहेत. तिसराही एक डाव आहे: अर्धवट तोडायचं.

पहिल्या महायुद्धात तुर्कांची हेजाझ रेल्वे दमास्कसहून मदिनेपर्यंत जात होती, सुमारे १३०० किलोमीटर, १९०८ मध्ये पुरी झालेली. अरबांच्या बाजूने लढणारा इंग्रज अधिकारी लॉरेन्स आधी मदिना जिंकायच्या विचारात होता. नंतर त्याच्या लक्षात आलं की मदिना न घेणंच फायद्याचं. रेल्वे कशीबशी चालू ठेवली तर तुर्कांची मोठी फौज मदिनेत अडकून राहील, तिला पोसायला आणि रूळ राखायला आणखी फौज अडकेल. म्हणून ते इथे एक पूल, तिथे शंभर रूळ असं मोडत राहिले. ऑक्टोबर १९१८ मध्ये युद्धबंदी झाली तरी मदिना तुर्कांच्याच हातात होती, जानेवारी १९१९ मध्ये शरण आली.

त्या मार्गावर लोखंडी स्लीपर होते. त्यांच्या पोटाखाली लहान सुरुंग ठेवला की स्लीपर कमळासारखा वर उमलायचा आणि दोन्ही रुळांना वाकवून टाकायचा. ते त्याला ट्युलिपचं फूल म्हणत.

शेणोलीकर | ७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

हे नवीनच. म्हणजे शत्रूची रेल्वे त्याच्याच गळ्यात लोढणं करून ठेवायची!

नांद्रेची_सून | ७ ऑगस्ट, दुपारी १२:२०

मला एक बोलायचंय, राग मानू नका. आमचं शेत रुळाला लागून आहे. दीड वर्षापूर्वी दोन पोरांनी गंमत म्हणून रुळावर दगड ठेवले होते. माझ्या सासऱ्यांनी लांबून बघितलं, म्हातारा माणूस धोतर सावरत बांधावरून धावला आणि दगड ढकलले. पाच-सात मिनिटांत पॅसेंजर गेली. खिडकीत एक बाई बाळाला पाजत बसली होती. मी ते विसरू शकत नाही.

तुम्ही वर्गात गाडी अडवल्याची गोष्ट रंगवून सांगता, ती आठवीच्या पोरांच्या डोक्यात कशी बसेल याचा विचार केलात का सर?

सांगलीची_हळद | ७ ऑगस्ट, दुपारी १२:४१

वहिनी, अंगावर काटा आला. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

वाळवा_एक्सप्रेस | ७ ऑगस्ट, दुपारी १:०२

प्रश्न रास्त आहे, पण क्रांतिकारकांची आणि टवाळ पोरांची बरोबरी होऊ नये. परक्या सरकारशी लढाई आणि आपल्याच लोकांच्या गाडीला दगड, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

नांद्रेची_सून | ७ ऑगस्ट, दुपारी १:३०

अंतर मला कळतं भाऊ. तेरा वर्षांच्या मुलाला ते कोणीतरी समजावून सांगायला हवं, एवढंच म्हणते.

शेणोलीकर | ७ ऑगस्ट, दुपारी ४:१५

वहिनी, राग कसला. तुमचं बरोबर आहे. मी गोष्ट रंगवली आणि तिच्यातली काळजी सांगायची राहिली. कुंडलच्या ताईंनी लिहिलं तेच मुलांना सांगायला हवं होतं: गाडी उलटू नये, माणूस मरू नये म्हणून थांबवायची. ९ तारखेला सुरुवात तिथूनच करतो.

सिग्नल_हिरवा | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

मी सिग्नल विभागात आहे, सध्या घरी सुट्टीवर. रूळवाट काकांच्या बोलण्यात थोडी भर.

जुन्या काळी रूळ हाच मर्मस्थानी होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन माघार घेताना इंजिनामागे एक अजस्र लोखंडी आकडा लावत, नांगरासारखा. गाडी पुढे जाईल तसे मागचे लाकडी स्लीपर मधोमध कडाकड मोडत जायचे. आपल्या शेतातल्या नांगराचा राक्षसी भाऊ. उलट बाजूने, ऑगस्ट १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईच्या वेळी सोव्हिएत गनिमांनी जर्मनांच्या पिछाडीला रूळयुद्ध नावाचीच मोहीम काढली आणि रात्रीतून हजारो ठिकाणी रूळ उडवले. त्यातून जर्मनांना आधीच एक डोकेदुखी होती. रशियाचं गेज रुंद, युरोपचं अरुंद. मैलोन् मैल रूळ सरकवून घ्यावे लागत होते.

फ्रान्समध्ये १९४४ ला आणखी वेगळं. जर्मनांचे रणगाडे वाहायच्या वाघिणींच्या आसांतलं वंगण काढून त्यात घासणारी पूड घातली गेली. रूळ शाबूत, पण गाड्या वाटेतच बसल्या.

आज रुळापेक्षा नाजूक जागा सिग्नलची. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा बेलारूसमधल्या काही लोकांनी रुळाकडेच्या रिलेपेट्या, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या पेट्या, जाळल्या. रूळ तसाच, पूल तसाच, पण सिग्नल मेला की गाड्या चाचपडत चालतात. आणि युक्रेनची रेल्वे बघा. क्षेपणास्त्र पडलं की काही तासांत गँग हजर. ८ एप्रिल २०२२ ला क्रामातोर्स्क स्टेशनवर गाडीची वाट बघणारी ५० हून जास्त माणसं मारली गेली. तरी निर्वासितांच्या गाड्या थांबल्या नाहीत.

रूळवाट | ७ ऑगस्ट, रात्री १०:१०

शाब्बास. पोरगं तयारीचं आहे.

लाकडी स्लीपर मोडला जायचा हे खरं. आताचा सिमेंटचा स्लीपर एकेक अडीचशे किलोच्या वर असतो आणि किलोमीटरला १६६० लागतात. बघा गणित करून. आता जिथे तुटतं तिथे तुटतं, पण हातांनी उखडायचे दिवस गेले.

पलूसकर_वैद्य | ८ ऑगस्ट, सकाळी ८:००

युद्धाने रेल्वे मोडते ती फक्त शत्रूच्या हातून नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याची छोटी रेल्वे घ्या. नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा १९४२ मध्ये बंद केला आणि इंग्रज सरकारने रूळ काढून युद्धाच्या कामाला नेले. तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. लोकांना गाडी परत मिळाली ती १९५४ मध्ये.

तुमचा टोल अशा काढलेल्या मार्गाचा निघाला तर नवल नाही सर.

वाळूचं_घड्याळ | ८ ऑगस्ट, सकाळी ८:२५

कोरियातही १९५१ ला अमेरिकेने महिनोन् महिने रेल्वेवर बॉम्ब टाकले. दिवसा तुटलेला रूळ रात्रीत जोडला जायचा. व्हिएतनाममधला थान होआचा पूल तर १९६५ पासून शेकडो विमानफेऱ्यांनी पडेना, शेवटी १९७२ मध्ये लेझरच्या बॉम्बने पडला. सात वर्षं पुलावर डोकं आपटणं चाललं होतं.

संपादक_मंडळ | ८ ऑगस्ट, सकाळी ९:००

चर्चा उत्तम चालली आहे. धागा युद्धकथांकडे फार वळू नये. सरांचा कार्यक्रम उद्या आहे, मूळ प्रश्नावर कोणाला नेमकं काही सांगायचं असेल तर आज सांगा.

कुंडलची_लेक | ८ ऑगस्ट, सकाळी ११:३५

मग माझं शेवटचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात "गाडी" हा शब्द कसा यायचा माहितीये? गाडीनं मुंबईला गिरणीत गेलेला भाऊ. गाडीनं आलेली मनीऑर्डर. दिवाळीला गाडीनं येणारा लेक. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, या स्टेशनांवर बायका तासन् तास बसून वाट बघायच्या. सरकार परकं होतं, पण गाडीतली माणसं परकी नव्हती. तुमच्या त्या मुलीला हे सांगा सर. तिला कळेल.

रूळवाट | ८ ऑगस्ट, दुपारी २:२०

ताईंच्या पुढे माझं बोलणं कशाला. फक्त एक सुचवतो. जमलं तर कार्यक्रमानंतर मुलांना घेऊन फाटकापाशी उभे राहा, कुंपणाच्या अलीकडे. सकाळी चावीवाला येतो, खांद्यावर हातोडा, हातात लाल-हिरवी झेंडी. मैलन् मैल चालत एकेक क्लिप बघतो, ढिली झालेली ठोकतो. मुलांना त्याचं काम बघू द्या. त्याला थांबवू नका मात्र, त्याची वेळ ठरलेली असते.

शेणोलीकर | १० ऑगस्ट, रात्री ८:५०

मंडळी, कार्यक्रम झाला. वाचनालयात बसायला जागा नव्हती, माणसं पायऱ्यांवर होती.

"लूट" म्हटलं नाही. दगड का रचले ते सांगितलं, गडरा रोडच्या १७ जणांबद्दल सांगितलं. एक आजोबा उठले आणि म्हणाले, माझे वडील याच पट्ट्यात गँगमन होते, त्यांच्यासाठी पहिल्यांदा टाळ्या ऐकल्या. मला पुढचं वाक्य बोलवेना. पाणी प्यायलो आणि मग बोललो.

ती मुलगी पहिल्या ओळीत होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, "सर, म्हणजे त्यांना गाडी पाहिजे होती. सरकार नको होतं." मी मान डोलावली.

आज सकाळी वीस मुलं घेऊन फाटकापाशी गेलो. चावीवाला आला. अंगात भगवी बंडी, पाठीवर पिशवी. तो येताना आधी आवाज आला: टण, थांबा, टण, टण. एका क्लिपपाशी वाकला, दोनदा ठोकलं, बोटाने चाचपून बघितली आणि पुढे गेला. मुलं एकदम गप्प होती. एकाने हात हलवला तेव्हा त्यानेही झेंडीचा हात वर केला.

आता टोल. काल दुपारी शिपाई मामांनी खाली उतरवला. लांबी दोन फूट दोन इंच. वाण्याच्या काट्यावर १९ किलो ३०० ग्रॅम. काका, तुमच्या हिशेबाने ६० पौंडीच ना? पोटावर रंगाचे चार-पाच थर आहेत, त्याखाली उठावाची अक्षरं बोटाला लागतात पण वाचता येत नाहीत. पत्र्याने खरवडू का?

रूळवाट | १० ऑगस्ट, रात्री ९:०४

६० पौंडीच. सव्वादोन फुटाला थोडा कमी, साडेएकोणीसच्या वर भरायला हवा होता. तीनशे-चारशे ग्रॅम गंजाने आणि टांगायच्या भोकाने खाल्ले. मीटरगेजचा आहे, एवढं नक्की. उखडलेला की भंगारातला ते टोकं बघून कळेल. करवतीने कापलेलं टोक सपाट असतं, छिन्नी मारून तोडलेलं असेल तर कडेला घाव दिसतील. दोन्ही टोकांचे फोटो टाका.

पत्र्याने अजिबात खरवडू नका, अक्षराच्या कडा जातील. रॉकेलचा बोळा रात्रभर बांधून ठेवा, सकाळी नारळाच्या काथ्याने हळूहळू चोळा. मग वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. साल आपोआप उमटेल.

शेणोलीकर | १० ऑगस्ट, रात्री ९:१२

बोळा बांधला. उद्या शाळा भरायची घंटा थाळीवर वाजवतो.